पहिल्या वर्षी एकही विमान उडणार नाही, पण मेळावा भरू द्या

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

प्रत : महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी, मुंबई

विषय : घरी बांधलेल्या हलक्या विमानांचा दोन दिवसांचा मेळावा धुळ्याच्या धावपट्टीवर भरवण्यास परवानगी मिळण्याबाबत

महोदय,

येत्या थंडीत, डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या शनिवार-रविवारी, धुळ्याजवळच्या गोंदूर विमानतळावर आम्हाला एक मेळावा भरवायचा आहे. स्वतःच्या हाताने विमान बांधणारे, बांधता बांधता अर्ध्यावर अडकलेले, किट (विमान जोडण्यासाठीच्या सुट्या भागांचा संच) मागवून पेटीच न उघडलेले आणि नुसते नकाशे जमवून बसलेले, अशा सगळ्यांनी यावे. जे काही तयार असेल ते टेम्पोत घालून आणावे आणि दोन दिवस एकमेकांचे काम बघावे, एवढाच बेत आहे. या पहिल्या वर्षी एकही विमान उडणार नाही. टाक्या कोरड्या असतील, इंजिन सुरू होणार नाही. तरीही तुमच्या परवानगीशिवाय हे करायचे नाही, कारण जागा विमानतळाची आहे आणि यंत्रे विमानांची आहेत.

रीतसर अर्ज इंग्रजीत, ठरलेल्या नमुन्यात येईलच. हे पत्र मराठीत आणि चारचौघांत लिहितो आहे, कारण ज्यांनी या मेळाव्याला यावे असे मला वाटते त्यांतल्या बऱ्याच जणांना आपल्यासारखा नाद आणखी कोणाला आहे याचाच पत्ता नसतो. माझी सगळी नोकरी भोसरीत पत्र्याच्या कामात गेली. निवृत्तीनंतर विमानाला हात घातला आणि आजवर शेपटीपर्यंत पोचलो आहे. पंख अजून कागदावरच आहेत. हा नाद असलेले बहुतेक लोक शेपटीपासूनच सुरुवात करतात, कारण ती लहान असते आणि बिघडली तर खिशाला परवडते.

धुळेच का, तर महाराष्ट्रात घरी बांधलेले एक विमान ऑगस्ट २०२० मध्ये तिथूनच उडाले. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी टीएसी-००३. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी डोळे भरून पाहिले. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, व्हीटी-एनएमडी या अक्षरांनी. उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ मध्ये आणि चाके जमिनीवरून सुटली त्याच्या पुढच्या वर्षी. मधल्या काळात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना लक्ष घालावे लागले, पंतप्रधानांपर्यंत विषय गेला. तुमच्या कार्यालयाने अखेर सही केली, याबद्दल मला आदरच आहे. पण ज्या वाटेने जायला मुख्यमंत्री सोबत लागतात ती वाट नाशिकच्या फिटरच्या किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखानदाराच्या काय कामाची?

(जाता जाता एक. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवले की नाही, यावर आपल्याकडे अधूनमधून जोरदार भांडण जुंपते. त्या भांडणात ओढल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातली विमाने उडू शकत नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच गणित मांडून लिहून ठेवले आहे. चारकोपच्या विमानाचे फोटो आहेत, नोंदणी आहे, त्याने धावपट्टी सोडलेली लोकांनी पाहिली आहे. त्यावर कोणी भांडत नाही. त्याबद्दल कोणी काही विचारतही नाही.)

हौशी बांधणाऱ्यांची वाट इतर देशांतही आपोआप पडली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनी घरी बांधलेल्या विमानांची पुरती कोंडी केली होती. ओरेगॉन राज्यात थोडी मुभा उरली होती, तेवढीच. तिथले जॉर्ज बोगार्डस १९४७ मध्ये 'लिटल जी बी' नावाचे चिमुकले विमान घेऊन, देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, थेट वॉशिंग्टनला गेले आणि हौशी बांधणाऱ्यांसाठी नियमांत स्वतंत्र वर्ग मागितला. पुढे तो मिळाला. ते विमान आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मग १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन काढली. तिचे कार्यालय म्हणजे त्यांच्या घराचे तळघर. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संस्थेचा पहिला मेळावा भरला, तोही दुसऱ्याच एका विमान जत्रेच्या कोपऱ्यात. मूठभर विमाने आली. नोंद झालेले पाहुणे दीडशेसुद्धा नव्हते.

तो मेळावा आधी रॉकफर्डला गेला आणि १९७० पासून विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला कायमचा स्थिरावला. आता जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ऑशकॉश आणि आसपासच्या धावपट्ट्यांवर मिळून दहा हजारांहून अधिक विमाने उतरतात, आणि तेवढ्या दिवसांपुरता तिथला नियंत्रण मनोरा जगातला सर्वांत गजबजलेला मनोरा ठरतो. येणारी विमाने रिपन गावापासून रेल्वेच्या रुळांवरून, एकामागे एक, अर्धा मैल अंतर ठेवून, ९० नॉट (ताशी सुमारे १६७ किलोमीटर) वेगाने फिस्क नावाच्या खेड्यापर्यंत येतात. तिथे जमिनीवर उभे असलेले नियंत्रक दुर्बिणीतून बघून हाक मारतात, विमानाचा रंग आणि प्रकार सांगून. वैमानिकाने रेडिओवर उत्तर द्यायचे नाही, पंख हलवून होकार द्यायचा. उतरायचे कुठे, तर धावपट्टीवर रंगवलेल्या ठिपक्यांपैकी सांगितलेल्या ठिपक्यावर. एकाच पट्टीवर एकामागोमाग विमाने वेगवेगळ्या ठिपक्यांवर टेकत राहतात.

हे वाचून तुमच्या कार्यालयात कोणाच्या तरी पोटात गोळा आला असेल. काळजी नसावी. मला ऑशकॉश नको आहे, मला १९५३ चे मिलवॉकी हवे आहे.

अशा मेळाव्यात नुसत्या प्रेक्षकाला कसरती दिसतात. बांधणाऱ्याला दिसतात उघडी काउलिंग. इंजिनावरचे झाकण काढलेले असते आणि समोर एक अनोळखी माणूस गुडघ्यावर बसून टॉर्चने आत बघत असतो. तो विचारतो, इंधनाची नळी एक्झॉस्टच्या इतक्या जवळून का नेली? हा बोल्ट फिरत्या सांध्यावर आहे, मग इथे खाचेचा नट आणि तो फिरू नये म्हणून कॉटर पिन का नाही? सेफ्टी वायर, म्हणजे नट सैल होऊ नये म्हणून बांधलेली तार, उलट्या अंगाने पिळली आहे, ती नट घट्ट करण्याऐवजी सैल करायला मदत करेल. हे सगळे मालकाला माहीत नसते असे नाही. पण पाच वर्षे रोज तेच बघून डोळा मरतो. तपासणी अधिकारी एकदा येतो, कागद बघतो, ठरलेल्या जागा बघतो. शंभर बांधणारे दोन दिवसांत बघतात ते त्याला एकट्याला बघता येणे शक्य नाही, तो कितीही हुशार असो.

अगदी अलीकडचे उदाहरण देतो. अमेरिकेतल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीची आरव्ही मालिकेतली किट घेऊन लोकांनी बांधलेली अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. साथीच्या काळात मागणी वाढली, तेव्हा कंपनीने पत्र्याचे काही भाग लेझरने कापून घेतले. रिव्हेटसाठी त्या भोकांना खोलगट आकार देताना काही भोकांच्या कडांना बारीक चिरा जात होत्या. पत्र्याच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून आश्चर्य वाटत नाही, कारण कापलेल्या कडेचा प्रत्येक दोष ताण दिला की उघडा पडतो. आश्चर्य याचे वाटते की त्या चिरा गॅरेजमध्ये बसलेल्या बांधणाऱ्यांच्या नजरेला पडल्या, त्यांनी एकमेकांना दाखवल्या, आणि बोलबाला इतका झाला की कंपनीला भाग बदलून द्यावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये ती दिवाळखोरीच्या कायद्याखाली पुनर्रचनेला गेली आणि नंतर त्यातून बाहेर आली. आपल्याकडे एखाद्या गॅरेजमध्ये अशी चीर गेली तर ती कोणाला दाखवायची?

आता दुसरी बाजू, कारण ती तुमच्या फायलीत असणारच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा खास अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ साली तिथल्या एकूण खासगी-हौशी विमानांत या विमानांचा वाटा सुमारे १० टक्के होता, प्राणघातक अपघातांत मात्र २१ टक्के. इंजिन बंद पडणे आणि हवेत ताबा सुटणे ही मुख्य कारणे. नवे बांधलेले विमान पहिल्या काही उड्डाणांत जास्त धोक्याचे, आणि दुसऱ्याने बांधलेले विमान विकत घेणाराही सुरुवातीला तितकाच धोक्यात. या आकड्यांकडे डोळेझाक करणाऱ्याने विमान बांधू नये. मात्र मंडळाने बंदी सुचवली नाही. पहिल्या उड्डाणाआधी इंधनप्रणालीची चाचणी घेऊन ती लिहून ठेवा, उड्डाण-चाचणीचा लेखी आराखडा करा, नव्या मालकाला प्रशिक्षण द्या, अशा शिफारशी केल्या. एरवी चाचणीच्या टप्प्यात वैमानिकाने एकट्यानेच उडायचे असा तिथला नियम होता. २०१४ मध्ये, ठरावीक अटींवर, सोबत एक जाणता वैमानिक नेण्याची मुभा मिळाली.

गायक जॉन डेन्व्हर यांचा अपघात मी प्रत्येक तरुण बांधणाऱ्याला सांगतो. १२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियाचा किनारा. विमान लाँग-ईझी, विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून दुसऱ्याच कोणीतरी बांधलेले आणि डेन्व्हर यांनी नुकतेच विकत घेतलेले. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याची कळ वैमानिकाच्या समोर, हाताशी आहे. बांधणाऱ्याने ती हलवून डाव्या खांद्याच्या मागे नेली होती. टाकी बदलायची तर वळून मागे हात घालायचा, आणि वळताना पाय नकळत रडरवर (शेपटीच्या सुकाणूच्या पायपट्टीवर) दाबला जाणार. तपासात बहुधा हेच घडले असे ठरले. विमान समुद्रात कोसळले.

पण या गोष्टीत एक बोचरी गोष्ट आहे, आणि ती माझ्या सगळ्या युक्तिवादाच्या विरुद्ध जाते. ती कळ हाताला येत नाही हे उड्डाणाच्या आधीच लक्षात आले होते. कळ हाताशी यावी म्हणून पकड लावून लांबवण्याचा प्रयत्न झाला होता, मागची इंधनमापके दिसावीत म्हणून आरसाही दिला गेला होता. म्हणजे लोकांनी पाहिले होते, बोलूनही दाखवले होते. विमान तरीही उडाले, कारण बघणाऱ्यांपैकी कोणाच्याही सहीवाचून ते अडणार नव्हते. म्हणूनच मी हे पत्र नुसत्या हौशी मंडळींना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. बघणारे डोळे आम्ही आणू, थांबवू शकणारी सही तुमच्याकडे आहे. या दोन्ही गोष्टी एका धावपट्टीवर आणायच्या आहेत.

ब्रिटनने हे कसे जमवले ते पाहण्यासारखे आहे. तिथली हलक्या विमानांची संघटना १९४६ ची, आजचे नाव लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन. नागरी हवाई प्राधिकरणाने घरी बांधल्या जाणाऱ्या विमानांवर लक्ष ठेवण्याचे काम तिच्यावर सोपवले आहे. प्रत्येक बांधणाऱ्याला संघटनेचा एक निरीक्षक असतो. पंखाची पोकळी पत्र्याने बंद करण्यापूर्वी त्याने आत बघून सही केल्याशिवाय पुढे जायचे नाही, कारण एकदा बंद झाल्यावर आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही. उडण्याची परवानगी या सगळ्या सह्यांच्या आधारे मिळते. हे निरीक्षक प्राधिकरणाचे पगारी नोकर नाहीत, ते त्याच नादातले अनुभवी लोक. मूळचे केरळचे, इंग्लंडमध्ये राहणारे एक अभियंते करोनाच्या टाळेबंदीत दक्षिण आफ्रिकी स्लिंग कंपनीचे चार आसनी किट जोडून मोकळे झाले आणि २०२२ मध्ये बायको-मुलींना घेऊन युरोपभर फिरले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी कौतुकाने बातम्या छापल्या. हेच गृहस्थ केरळातच राहिले असते तर बातमी छापावी असे काही घडले असते का, हा प्रश्न त्या बातम्यांत नव्हता.

आणि हे सगळे परदेशातच होते असेही नाही. इंदूरजवळच्या पीथमपूरला २००७ पासून 'बाजा' भरते. अभियांत्रिकीची मुले स्वतः वेल्डिंग करून खडबडीत रस्त्यावरची एक आसनी गाडी बनवतात, टेम्पोत घालून तिथे नेतात आणि तपासणीत अडकतात. पिंजऱ्याच्या नळीची जाडी कमी भरली, इंजिन बंद करणारे बटण हाताशी नाही, ब्रेक चारही चाके एकदम धरत नाहीत, की गाडी ट्रॅकवर जात नाही. पुण्या-नाशिकच्या पोरांना विचारा, शर्यतीपेक्षा त्या तपासणीच्या रांगेत जास्त शिकलो असे सांगतील. शेजारच्या गाडीला ज्या कारणाने परत पाठवले ते बघून आपल्या गाडीत रात्रभर जागून दुरुस्ती करायची. मला धुळ्यात ही रांग हवी आहे.

सरकारला विश्वास टाकता येतो, हे ड्रोनच्या बाबतीत दिसलेच. २०२१ च्या ड्रोन नियमांनी पंचवीस अर्जांचे पाच केले आणि शुल्काचे बहात्तर प्रकार चारवर आणले. संशोधन आणि विकासाचे काम करणाऱ्या संस्थांना आपल्याच आवारात उडवायला बऱ्याच परवान्यांतून सूट दिली. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याऐवजी भारतीय वायुयान अधिनियम आला आहे. नव्या कायद्याखालचे नियम लिहिले जात असताना हौशी बांधणाऱ्यासाठी एक सुटसुटीत प्रकरण त्यात बसवण्याची हीच वेळ आहे, आणि ते प्रकरण लिहिणाऱ्याने आधी दहा-पंधरा अर्धवट विमाने बोटाने चाचपून पाहिलेली असावीत.

सुरक्षेचा आक्षेप मला मान्य आहे. मुंबई पोलिस वरचेवर ड्रोन, पॅराग्लायडर, मायक्रोलाइट यांवर बंदीचे आदेश काढतात, आणि ज्या शहराने २००८ पाहिले त्याने ते काढावेत. पण ज्याची कोणाला खबर नाही असे विमान यंत्रणांना नको असते. मेळाव्यात येणाऱ्या प्रत्येक सांगाड्याची, इंजिनाची आणि माणसाची यादी धुळ्याच्या पोलिस अधीक्षकांकडे आधी जाईल.

आता जे मागायला थोडे धाडस लागते ते मागतो. त्या दोन दिवसांत तिथे मांडलेल्या कोणत्याही कामावरून कोणाला नोटीस जाऊ नये, काही जप्त होऊ नये, असे लेखी अभय द्या. जो माणूस गोठ्यात किंवा गाळ्यात पंख लपवून बसला आहे तो अभयाशिवाय बाहेर येणार नाही. आणि तो बाहेर आला नाही तर एखाद्या पहाटे, कोणाला न विचारता, शेताच्या बांधावरून उडून बघेल. मला याच माणसाची सर्वांत जास्त भीती वाटते. तुम्हालाही वाटायला हवी. अभय उडण्याला नको, दाखवण्याला हवे. सोबत हवाईक्षमता विभागाचे दोन अधिकारी पाठवा. त्यांनी कोणाला काही मंजूर करू नये, नामंजूरही करू नये. फिरावे, बघावे, विचारावे, आणि जे खटकेल ते त्या माणसाला तोंडावर सांगावे.

चर्चेला विषय कमी पडणार नाहीत. एकच सांगतो. हलक्या विमानांत सर्रास वापरले जाणारे रोटॅक्स ९१२ इंजिन पेट्रोलवर चालते, पण त्यात इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंतच चालते असे निर्माता सांगतो. आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांचे पेट्रोल आहे. रबरी नळ्या, टाकीचा लेप, उन्हाळ्यात नळीत होणारी वाफ, पर्यायी इंधन मिळणार कुठून, यावर एक अख्खी दुपार जाईल, आणि त्या दुपारी तुमचे अधिकारी तिथे बसले तर त्यांनाही ते उपयोगी पडेल.

विमानतळ विकास कंपनीकडे मागणे साधे आहे. पार्किंगचा एक कोपरा, सावलीला शेड, पाणी, स्वच्छतागृह आणि परवडेल असे भाडे. तिथे वैमानिक प्रशिक्षण चालते. त्या उड्डाणांच्या वेळांना धक्का लागणार नाही, आमची हद्द दोरीने आखलेली असेल आणि धावपट्टीकडे कोणी फिरकणार नाही. विमा आणि रुग्णवाहिकेचा खर्च वर्गणीतून करू. जेवण आमच्याकडे. थंडीत खानदेशात भरताची हिरवी वांगी येतात, तेव्हा भरीत आणि कळण्याची भाकरी ठरलेलीच, अधिकाऱ्यांनाही.

सांगाडे टेम्पोवर चढवायला लाकडी घोडे बनवावे लागतात आणि कोल्हापूरहून पंख धुळ्यापर्यंत आणायला नेहमीचा टेम्पो पुरत नाही. म्हणून ऑक्टोबरअखेरपर्यंत होकार किंवा नकार कळवावा. नकार असेल तर कोणत्या कलमाखाली, तेही लिहावे, म्हणजे पुढचा अर्ज त्या कलमाला धरून करता येईल.

आपला नम्र,
शेपटीपर्यंत पोचलेला एक निवृत्त पत्रा-कारागीर, पुणे